स्क्रीन काळी आणि आतून बीप: कॉम्प्युटर नेमकं काय सांगत असतो?

बटण दाबलं, पंखे फिरले, कॅबिनेटवरचा दिवाही लागला. मॉनिटर मात्र काळाच. आतून एक लांब बीप येते, थांबते, पुन्हा येते. घरातलं कुणीतरी लगेच निकाल देतं, ‘मदरबोर्ड गेला.’ दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत ही तक्रार म्हणजे ‘नो डिस्प्ले’. ती ऐकली की त्यांचा हात बहुतेक वेळा आधी रॅमकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीकडे जातो. तो तिकडे का जातो हे कळलं, तर अर्धी दुरुस्ती घरीच होते आणि नवा मदरबोर्ड विकत घ्यायची घाईही होत नाही.

प्रोसेसरला वीज मिळते तेव्हा त्याला विंडोज, हार्ड डिस्क, कीबोर्ड यांतलं काहीही ठाऊक नसतं. एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन तिथली पहिली सूचना उचलायची, एवढंच त्याला जमतं. तो पत्ता मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतो आणि त्या चिपमधला प्रोग्राम म्हणजे बायॉस. आता त्याच्या जागी यूईएफआय आलं आहे, पण बोलताना सगळे अजून बायॉसच म्हणतात. हा प्रोग्राम आधी स्वतःच्या घरची तपासणी करतो. तिचं नाव पॉवर ऑन सेल्फ टेस्ट, म्हणजेच पोस्ट.

या तपासणीत एक अडचण आहे. कुठलाही मोठा प्रोग्राम चालायला मेमरी लागते. पण इथे प्रोग्रामचं कामच मेमरी चालू करण्याचं आहे, आणि ती अजून चालू झालेली नाही. जुन्या बायॉसमध्ये हा सुरुवातीचा भाग प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या रजिस्टरांवर, म्हणजे एकेक आकडा मावणाऱ्या कप्प्यांवर, भागवून लिहिलेला असे. आताचे बायॉस रॅम उठेपर्यंत प्रोसेसरचा कॅशच, म्हणजे त्याच्या आतली छोटी मेमरीच, तात्पुरती रॅम म्हणून वापरतात. रॅम मिळाली की मग ग्राफिक्सची पाळी आणि त्यानंतर स्क्रीनवर अक्षरं. म्हणजे रॅम अडली तर ‘रॅम अडली’ हे स्क्रीनवर लिहायची सोयच नसते. स्पीकर वाजवायला मात्र मेमरी लागत नाही. टायमरला एक आकडा द्यायचा आणि स्पीकरचा दरवाजा उघडायचा, दोनचार सूचनांत काम होतं. म्हणून बीप.

रॅम उठवणं म्हणजे तरी काय? ८ जीबीच्या रॅममध्ये सुमारे ६,८७० कोटी बिट असतात आणि प्रत्येक बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये भार आहे की नाही, यावरून १ की ० ते ठरतं. हा भार सतत झिरपत असतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ या पिढीच्या रॅममध्ये साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत बिटांच्या प्रत्येक ओळीची एक फेरी पूर्ण व्हावी लागते. याला रिफ्रेश म्हणतात. ते थांबलं की साठवलेलं सगळं पुसट होत जातं. शिवाय प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. आपण किती जीबीचे, कुठल्या वेगाचे, कुठल्या टायमिंगचे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. बायॉस आधी ते वाचतो, मग त्या पट्टीशी बोलण्याची लय जुळवतो. या जुळवाजुळवीला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एसपीडी वाचता आली नाही, लय जुळली नाही किंवा लिहिलेलं वाचताना वेगळंच निघालं, तर गाडी तिथेच थांबते.

थांबल्यावर किती बीप द्यायच्या, याचं मात्र कुठलंही एक प्रमाण नाही. त्याला इतिहास कारणीभूत आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. सगळं ठीक असेल तर तो एक छोटी बीप देई. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्लेच्या कार्डात गडबड. मेमरीची चूक सापडली आणि स्क्रीन चालू असली तर त्यावर २०१ हा आकडा येई. आयबीएमने बायॉसचा पूर्ण कोड आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापला होता, पण त्यावर कॉपीराइट होता. आयबीएमसारखीच यंत्रं बनवू पाहणाऱ्यांना तो उतरवता येत नव्हता, सगळं नव्याने लिहावं लागलं. फीनिक्स कंपनीने १९८४ मध्ये असा स्वतंत्रपणे लिहिलेला बायॉस इतर उत्पादकांना द्यायला सुरुवात केली. १९८५ मध्ये सुब्रमोनियन शंकर आणि पॅट सर्मा यांनी अमेरिकेत अमेरिकन मेगाट्रेंड्स, म्हणजे एएमआय, सुरू केली. अवॉर्ड ही तिसरी. ती १९९८ मध्ये फीनिक्समध्ये विलीन झाली. प्रत्येकाने कोड आपापला लिहिला, तशा बीपही आपापल्या ठरवल्या.

परिणाम असा, की एकच आवाज दोन घरांत दोन अर्थांचा. एक लांब आणि दोन छोट्या बीप अवॉर्डच्या जुन्या बोर्डावर आल्या तर ग्राफिक्स कार्ड बघायचं. आसुसच्या बऱ्याच बोर्डांवर हाच आवाज पुन्हा पुन्हा आला तर अर्थ होतो ‘रॅम सापडली नाही’, आणि ग्राफिक्ससाठी तिथे एक लांब, तीन छोट्या. मग कुणी तरी फोनवर ‘एक लांब, दोन छोट्या येताहेत’ म्हणालं आणि तुम्ही लगेच ‘ग्राफिक्स कार्ड बदल’ म्हणालात, तर निम्म्या वेळा एक धडधाकट कार्ड बाहेर निघेल. आधी बोर्डाचं मॉडेल विचारा. ते बोर्डावरच छापलेलं असतं, आणि बीपचा तक्ता त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. ‘सर्व कॉम्प्युटरांचे बीप कोड’ अशा नावाने फिरणाऱ्या चित्रांवर माझा अजिबात विश्वास नाही.

तरी मेमरीकडे बोट दाखवणारे काही नमुने ओळखीचे असलेले बरे. एएमआयच्या जुन्या तक्त्यात १ बीप म्हणजे रिफ्रेश अडला, २ म्हणजे पॅरिटीची चूक, ३ म्हणजे सुरुवातीच्या ६४ केबी मेमरीत बिघाड. पॅरिटी म्हणजे आठ बिटांमागे राखणीला ठेवलेला नववा बिट. आयबीएमच्या पहिल्या पीसीत तो होता, आजच्या घरगुती रॅममध्ये नसतो. अवॉर्डवर थांबून थांबून येत राहणारी लांब बीप बहुधा रॅमची. फीनिक्स गट पाडून वाजवतो: एक, मग तीन, मग एक म्हणजे रिफ्रेशची अडचण. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत २ बीप म्हणजे रॅम सापडलीच नाही आणि ४ म्हणजे रॅम सापडली पण वाचण्या-लिहिण्यात चूक आहे. ५ आल्या तर घड्याळाची बॅटरी बघा, रॅमला हात लावू नका. ॲपलच्या जुन्या, रॅम बदलता येणाऱ्या मॅकमध्ये दर पाच सेकंदांनी एक सूर म्हणजे रॅम नाही, आणि तीन सूर, थोडी विश्रांती, पुन्हा तीन सूर म्हणजे रॅम आहे पण परीक्षेत नापास.

मोजणं वाटतं तितकं सोपं नसतं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना मधेच कुणी हाक मारली की तीन झाल्या की चार हा घोळ होतो, तसंच इथेही होतं. त्यामुळे मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, निदान दोन-तीन आवर्तनं होऊ द्या आणि मग शांतपणे मोजा. लांब-छोटी, मधली विश्रांती, सगळं त्यात येतं. दुकानात न्यायची वेळ आली तरी ती रेकॉर्डिंग ‘टूं टूं वाजतंय’पेक्षा कितीतरी उपयोगी.

आणि आवाजच आला नाही तर? आजच्या असेंबल केलेल्या पीसीत हे सर्रास होतं, कारण कॅबिनेटबरोबर स्पीकर येतच नाही. मदरबोर्डवर ‘स्पीकर’ असं लिहिलेल्या चार पिना असतात. तिथे लावायचा नखाएवढा बझर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळतो. पीसीत काही ना काही करत बसणाऱ्यांनी एक ड्रॉवरमध्ये ठेवावाच. नव्या बोर्डांवर बीपचं काम चार छोटे दिवे करतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज सुरू होणं). तपासणी जिथे अडते त्याचा दिवा लागून राहतो. महागड्या बोर्डांवर दोन आकडी कोड दाखवणारा छोटा डिस्प्लेही असतो. लॅपटॉपमध्ये हेच काम पॉवरचा किंवा कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून करतो. डेलच्या अलीकडच्या लॅपटॉपांत दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा दिवा म्हणजे रॅम सापडली नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. बीप असो वा दिवा, तपासणी कुठे थांबली एवढंच तो सांगतो. ‘मेमरी’ असं उत्तर आलं म्हणजे रॅमची पट्टीच मेली असं नाही. पट्टी नीट बसलेली नसेल, स्लॉटमध्ये धूळ असेल, बोर्डाला न चालणारी पट्टी असेल, किंवा दोष चक्क प्रोसेसरच्या बाजूचा असेल. एएमडीने २००३ च्या ॲथलॉन ६४ पासून आणि इंटेलने २००८ च्या नेहालेमपासून मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटातच घातला. त्यामुळे प्रोसेसरच्या सॉकेटमधली एक पिन वाकली किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला, तरी तक्रार रॅमची येते. नवा कूलर बसवल्यावर दोन स्लॉट अचानक ‘मेले’ तर रॅम विकत घेण्याआधी हे तपासायला हवं.

आता प्रत्यक्ष काम. कॉम्प्युटर बंद करा, एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, मागचा खटका बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मग रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढा आणि एकच पट्टी परत बसवा. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट आधी भरायचा असतो; मॅन्युअलमध्ये त्याला ए२ म्हटलेलं असतं. पट्टीची खाच स्लॉटच्या खाचेवर आली पाहिजे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, ते मुद्दाम, चुकीची पट्टी बसू नये म्हणून. बसत नसेल तर जोर लावू नका, पट्टीच दुसऱ्या पिढीची असेल. बरोबर असेल तर दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, कडी ‘खट्’ करून बसेपर्यंत. पुष्कळ बोर्डांवर कडी एकाच बाजूला असते आणि दुसरं टोक अर्धवट बसलेलं दिसतही नाही. किती तरी ‘मेलेले’ पीसी या एका दाबाने जिवंत होतात.

त्यापुढची पायरी म्हणजे आपल्याकडची लाडकी युक्ती: खोडरबर. पट्टीच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवायचा आणि परत बसवायचं. हे चालतं, नाही असं नाही, पण श्रेय बऱ्याचदा चुकीच्या माणसाला मिळतं. पट्टी काढून पुन्हा बसवताना धातूवर धातू घासला जातो आणि मधला पातळ थर निघतो. निम्मं काम तिथेच झालेलं असतं. टोकांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि खोडरबर थोडासा खरखरीतच. दर महिन्याला घासत राहिलात तर एक दिवस सोनं जाईल आणि खालचा धातू उघडा पडेल. म्हणून आधी नुसतं काढून बसवून बघा. नाही जमलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तेही नसेल तर मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने. शाईचा खरखरीत मुळीच नाही, आणि चुरा स्लॉटमध्ये पडू द्यायचा नाही. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, तिच्यातून ओलावा जातो. कोरडा मऊ ब्रश बरा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दमट, खारी हवा कॅबिनेटमध्ये शिरते. काही आठवडे बंद पडून राहिलेला पीसी तिथे अशा तक्रारी हमखास करतो.

एका पट्टीवर सुरू झाला तर ती काढून दुसरी त्याच स्लॉटमध्ये लावा. मग चांगली ठरलेली पट्टी उरलेल्या स्लॉटांत फिरवा. दोष पट्टीबरोबर हिंडत असेल तर पट्टी खराब. पट्टी कुठलीही असो, दोष एकाच स्लॉटवर येत असेल तर स्लॉट, बोर्ड किंवा सॉकेट. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की कशाने काम झालं ते कळत नाही.

काहीच बदलत नसेल आणि बझर लावलेला असेल, तर सगळी रॅम काढून पीसी चालू करा. रॅमची बीप ऐकू आली तर ती चांगली बातमी आहे: एसएमपीएस वीज देतोय, प्रोसेसर सूचना वाचतोय, बायॉस जागा आहे. तरीही शांतता असेल तर रॅमचा नाद सोडा. एसएमपीएस, प्रोसेसर आणि बोर्डाकडे वळा. लॅपटॉपवाल्यांनी एक आधी तपासावं: हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तिथे घरी करण्यासारखं फार काही नाही. बदलता येणारी असेल तर आधी आतली बॅटरी सोडवा.

डीडीआर५ चा नवा पीसी जोडणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंगला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळी आणि डीरॅमचा दिवा लागलेला. लोक घाबरून बटण दाबतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. चहा टाका, पिऊन या.

इथवर गोष्ट होती बोलून दाखवणाऱ्या बिघाडाची. त्रास जास्त देतो तो न बोलणारा. पोस्टमधली मेमरीची तपासणी अगदी वरवरची असते. पूर्वी सुरू होताना स्क्रीनवर केबीचे आकडे चढत जायचे आणि मेमरी जास्त असेल तर त्यात बराच वेळ जायचा. आता लवकर सुरू व्हावं म्हणून त्यातलं बहुतेक गाळलेलं असतं. ६,८७० कोटींपैकी चार बिट अधूनमधून चुकत असतील तर पोस्ट बिनबोभाट पुढे जातो. मग लक्षणं भलतीकडेच दिसतात. निळी स्क्रीन येते आणि दर वेळी तिच्यावरचा कोड वेगळा असतो. झिप फाइल उघडताना ‘फाइल खराब आहे’, पुन्हा डाउनलोड केली तर चालते. विंडोज टाकताना मधेच अडतं. ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळतात. दोष सॉफ्टवेअरवर जातो आणि माणूस तिसऱ्यांदा विंडोज टाकत बसतो. चुका इतक्या विखुरलेल्या आणि दर वेळी नव्या असतील, तर माझा पहिला संशय रॅमवर असतो.

हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. गूगलच्या सर्व्हरांवर टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर झालेला एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नव्हत्या. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच जास्त होती. सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, ती एका बिटाची चूक स्वतः सुधारते आणि नोंदवून ठेवते. घरच्या पीसीत ही राखण नसते. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत थोडी दुरुस्ती होते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही.

शोधायचा मार्ग सरळ आहे. विंडोजच्या शोधचौकटीत ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधा. ते रीस्टार्ट करून तपासणी करतं. एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडलं तर जास्त कसून. तरी मी पेन ड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६+ जास्त मानतो. ते विंडोजच्या बाहेर चालतं, त्यामुळे जवळजवळ सगळी मेमरी त्याच्या हाती येते. वेगवेगळे नमुने लिहून ते पुन्हा वाचतं आणि फरक पडला की लाल ओळ दाखवतं. निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. शंका जास्त असेल तर रात्रभर चालू ठेवा, कारण काही पट्ट्या तापल्यावरच चुकतात. निकाल वाचताना सूट द्यायची नाही. एक चूकही खूप झाली.

चुका दिसल्या तरी रॅम लगेच फेकू नका. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर ते बंद करून पुन्हा तपासा. रॅमच्या डब्यावर छापलेला मोठा वेग या सेटिंगनेच मिळतो आणि तो मूळ प्रमाणापेक्षा जास्त असतो. पट्टीला झेपतो, पण तुमच्या प्रोसेसरला किंवा बोर्डाला झेपेलच असं नाही. वेग उतरवल्यावर चुका थांबल्या तर थोड्या कमी वेगावर सुखाने राहा किंवा बायॉस अपडेट करून पाहा. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन पट्ट्या एकेकट्या चालतात आणि एकत्र भांडतात, हाही प्रकार नेहमीचा. अशा वेळी वेग उतरवणं किंवा जुळी जोडी घेणं, हेच दोन मार्ग.

आणि तोवर एक पथ्य. रॅम संशयित असताना विंडोज पुन्हा टाकू नका, डिस्क दुरुस्त करणारी साधनं चालवू नका, मोठ्या फायली इकडून तिकडे हलवू नका. डिस्कवर जाणारा प्रत्येक बाइट रॅममधून जातो आणि चुकलेला बाइट तिथे कायमचा लिहिला जातो. महत्त्वाच्या फायलींची प्रत आधीच ठेवली असेल तर तिच्यावर आत्ताची प्रत चढवू नका.

पट्टी खराबच निघाली तर मेमटेस्टच्या लाल ओळींचा मोबाइलवर फोटो काढा, पट्टीवरचं लेबल फाडू नका आणि बिल शोधा. रॅमच्या बऱ्याच कंपन्या लांब मुदतीची वॉरंटी देतात, काही तर उत्पादनाच्या आयुष्यभराची म्हणतात. जोडी म्हणून घेतलेली रॅम असेल तर बऱ्याचदा दोन्ही पट्ट्या परत मागतात. म्हणजे तेवढे दिवस चालवायला एखादी जुनी पट्टी उसनी आणावी लागेल.